दोन जादा दिव्यांची सिद्धता

२ ऑक्टोबर, सकाळ

या वहीत एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे: दोष गाडीच्या दिव्यांत आहे, चालकात नाही.

पूर्वपक्ष मुलीचा. काल ती आली, गाडीच्या मागच्या दाराला पडलेला पोचा तिने पाहिला, त्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली की बाबा, आता अंधार पडल्यावर तुम्ही गाडी चालवायची नाही. मी विचारले, हा निष्कर्ष कशाच्या आधारावर? ती म्हणाली, या पोच्याच्या. एका पोच्यावरून सार्वकालिक विधान! मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. घरातच ही अवस्था.

उत्तरपक्ष. फाटकाचा खांब दिसला नाही हे मान्य. पण तो न दिसण्याचे कारण उजेडाचा अभाव. गाडी जुनी आहे, तिच्या दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्या आहेत. गाडीला दोन चांगले जादा दिवे बसवले की उजेड येईल, उजेड आला की खांब दिसेल, आणि खांब दिसला की मुलीच्या म्हणण्याला आधारच उरणार नाही.

प्रश्न आजच निकडीचा का झाला तेही नोंदवतो. पत्नीच्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे. २६ तारखेला तिला इस्पितळातून सोडतील, आणि इस्पितळे माणसाला संध्याकाळशिवाय सोडत नाहीत. इस्पितळ टेकडीपलीकडे. टेकडीच्या रस्त्यावर दिवे नाहीत. करार असा ठरला: २४ तारखेला संध्याकाळी मुलगी माझ्या शेजारी बसेल आणि मी टेकडी चढून उतरून दाखवीन. उत्तीर्ण झालो तर मेहुणीला मीच आणणार. नाही तर किल्ली मुलीकडे. कायमची.

पत्नीला विचारले, तू कोणाच्या बाजूने? ती म्हणाली, मी भाजी निवडते आहे.

तटस्थ.

५ ऑक्टोबर

दिवे आणले. दुकानदार बडबड्या. म्हणाला की काका, मी लावून देतो, तुम्ही बाहेर उभे राहून चहा प्या. मी म्हटले, ज्याने जन्मभर विधानास विधान जोडले त्याला तारेस तार जोडणे जड जाऊ नये. तो म्हणाला की वा, मग ही वायरची टोकं दाबायची पक्कडही घ्या, आणि हे हातमोजे घ्या, आणि टेप तर लागेलच. सगळे घेतले.

या दिव्यांची खरी खुबी त्यांच्या कनेक्टरमध्ये आहे. दोन अर्धे भाग. एक दुसऱ्यात सारला की खट् असा आवाज होऊन बसतो. वरची जीभ अंगठ्याने दाबून ओढला की सुटतो. ना स्क्रू, ना सोल्डर. हा केवळ सोयीचा भाग नाही, माझ्या बाजूचा भक्कम मुद्दा आहे. गाडीला काहीबाही चिकटवून ठेवू नका, असे मुलगी म्हणाली होती. जे केव्हाही काढता येते त्याला चिकटवणे म्हणता येत नाही.

पत्नीला प्रात्यक्षिक दिले. प्रथम नख तुटेल म्हणून बिचकत होती. मी पुन्हा पुन्हा करून घेतले. अखेर न बघता काढू-घालू लागली. तिने विचारले, हा काढला की दिवे लागतच नाहीत ना? मी म्हटले, अर्थातच. ती म्हणाली, बरं सोपं आहे की हो.

उतारवयातही माणूस शिकू शकतो. समाधान वाटले.

७ ऑक्टोबर

माहितीपत्रक अत्यंत निकृष्ट छापलेले. शाई फिकट, अक्षर मुंगीएवढे. हल्ली वर्तमानपत्रांचीही तीच गत आहे. पत्नीकडून मोठ्याने वाचून घेतले. तिला तांत्रिक वाचनाची सवय व्हावी हा हेतू. तांबडी वायर बॅटरीला, काळी गाडीच्या पत्र्याला, निळी स्विचला.

अडचण: निळी वायर दिलेलीच नाही. दोन काळ्या दिल्या आहेत. पत्नी म्हणते की यातली एक निळी आहे, चांगली आकाशासारखी. मतभेद नोंदवून ठेवला. दोहोंतील एक पत्र्याला जोडली, दुसरी स्विचला.

गॅरेजातील ट्यूब बदलून दुप्पट उजेडाची लावली. फरक नाही. पूर्वीच्या ट्यूब राहिल्या नाहीत.

८ ऑक्टोबर

दिवे लागत नाहीत. स्विच दाबल्यावर रिलेने, म्हणजे दिव्यांकडे वीज सोडणाऱ्या डबीने, टक् असे बोलावयास हवे, बोलत नाही. पत्नीने चहा आणला, वाकून पाहिले आणि म्हणाली की अहो, निळी आहे ती पत्र्याला लावलीत. मी म्हटले, तुझ्या समाधानासाठी अदलाबदल करून पाहतो.

अदलाबदल केली. रिले बोलला. योगायोगास कार्यकारणभाव समजू नये, हे तिला समजावून सांगितले. ती कप घेऊन गेली.

९ ऑक्टोबर, दुपार

धूर.

नीट लिहितो. बॉनेट उघडे. स्विच चालू. बॅटरीकडून येणाऱ्या तांबड्या वायरचा एक केस मोकळा राहून पत्र्याला टेकला होता. जळक्या प्लास्टिकचा वास, मग पांढरी रेघ, मग लोट. जेथे धूर तेथे अग्नी हे उदाहरण मी प्रत्येक जूनमध्ये नव्या वर्गापुढे फळ्यावर लिहिले. त्यामुळे अग्नी दिसण्याची काही क्षण वाट पाहिली. पत्नीने वाट पाहिली नाही. बादली आणली. इंजिनावर, बॅटरीवर, माझ्यावर.

अग्नी प्रकट झाला नाही. म्हणजे जुन्या उदाहरणात थोडी सूट द्यावी लागेल.

फ्यूज मी दिव्याजवळ लावला होता, कारण ज्याचे रक्षण करायचे तो दिवा. आता तो बॅटरीजवळ आणला. याला चूक म्हणता येणार नाही. स्थलांतर.

१२ ऑक्टोबर

दोन्ही दिवे लागले! पांढरेशुभ्र. गॅरेजची मागची भिंत अशी उजळली की डोळे मिटावे लागले. जोड पक्के, टेप घट्ट, सगळ्या वायरी बंपरमागे एका मुख्य कनेक्टरला येऊन मिळतात. तेथून पुढे दोन दिवे.

मुलीला फोन केला. ती म्हणाली की वा बाबा, कमाल केलीत, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कधी जाताय? प्रस्तुत विषय सोडून भलतेच बोलणे या दोषाला अर्थांतर म्हणतात. तिला तसे सांगितले. ती म्हणाली की नंबर मी आईला देऊन ठेवलाय.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळ

रंगीत तालीम. पत्नीला शेजारी बसवून टेकडीवर जाऊन आलो. संपूर्ण यशस्वी.

तपशील. उजेड इतका की समोर सारे दुधासारखे. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती मोठाली वलये असतात. हल्लीची काहीतरी नवी फॅशन असावी. अशा वेळी मी गाडी डावीकडे घेऊन पुढे जात राहिलो. उतारावर, छोट्या पुलाच्या अलीकडे, एक वाकलेला खांब रस्त्याच्या फारच जवळ आला आहे. अगदी हातभरावरून गेलो. त्याबद्दल बांधकाम खात्याकडे तक्रार करावयाची आहे. पुलानंतर मागे कोणीतरी मोठ्याने ओरडत होते. गुरांवर असेल.

पत्नी जाताना मेहुणीच्या खोलीत पडदे कोणते लावायचे यावर बोलत होती. येताना एक शब्द नाही. दोन्ही पाय समोर ताठ रोवून बसली होती. घरी आल्यावरही काही वेळ गाडीतून उतरली नाही. मी विचारले, कसा वाटला उजेड? ती म्हणाली, उजेड छान आहे हो.

प्रभावित झाली असावी.

१५ ऑक्टोबर

पत्नी सकाळीच कोठेतरी बाहेर गेली. परतल्यावर विचारले. म्हणाली, मलम घ्यायला. तिला कोठे लागले आहे असे दिसले नाही.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळ

दुसरी तालीम रद्द. दिवे लागत नाहीत. फ्यूज ठीक. रिले ठीक. शेवटी बंपरमागे हात घातला, तर मुख्य कनेक्टर सुटून लोंबतो आहे. बसवला. खट्. दिवे चालू. पण एवढ्यात पत्नीने पाने वाढली.

हादऱ्याने सुटला असावा.

१७ ऑक्टोबर

पुन्हा सुटलेला. गाडी दिवसभर जागची हलली नव्हती, म्हणजे हादऱ्याचे कारण बाद. जीभ सैल आहे काय? ओढून पाहिले. दाबल्याशिवाय हलत नाही.

मग कोण दाबतो?

१८ ऑक्टोबर

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधील इलेक्ट्रिशियनला बोलावले. फार ऐटीचा माणूस. बॉनेटखाली डोके घालण्यापूर्वीच निदान केले: उंदीर. मी म्हटले, उंदीर वायर कुरतडतो. जीभ दाबून कनेक्टर सोडवत नाही. तो म्हणाला की काका, आत्ताचे उंदीर तुम्हाला माहीत नाहीत, परवा एका डॉक्टरच्या गाडीतला एसी चालू केला होता उंदरानं. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. तो म्हणाला, खोटं वाटतं? डॉक्टरला विचारा.

पत्नी मागे उभी होती. ती म्हणाली, मला पटतं बाई.

कनेक्टरभोवती प्लास्टिकची पट्टी आवळून घेतली. सापळा लावला.

२० ऑक्टोबर

पट्टी कापलेली. कनेक्टर सुटलेला. सापळ्यातील पावाचा तुकडा जसाच्या तसा.

काप सरळ, स्वच्छ, एका झटक्यातला. या उंदराचे दात असामान्य सरळ असले पाहिजेत.

मनावर ताण आहे. चार दिवस उरले. दुपारी पत्नीची कात्री हवी होती. ती शिवणाच्या डब्यात नव्हती. तिला विचारले. म्हणाली, असेल इथेच कुठेतरी. या घरात वस्तू जागेवर राहत नाहीत.

२१ ऑक्टोबर

दुकानातून दुहेरी कुलपाचा कनेक्टर आणला. यात जिभेखेरीज बाजूला एक तांबडी खिट्टीही असते. ती मागे सरकवल्याशिवाय जीभ दाबलीच जात नाही. दुकानदार म्हणाला की काका, हा काढायला माझ्या माणसालाही दोनदा विचार करावा लागतो.

संध्याकाळी पत्नीला दाखवला. तिने लक्षपूर्वक पाहिला. विचारले, म्हणजे आधी हे मागे, मग हे खाली? मी म्हटले, बरोबर. तिने एकदा करून पाहिले. ग्रहणशक्ती खरोखर वाखाणण्यासारखी.

२२ ऑक्टोबर, संध्याकाळ

सुटलेला. खिट्टी मागे, जीभ खाली. म्हणजे कर्त्याला क्रम ठाऊक आहे. उंदीर बाद.

संशयितांची छाननी. मुलगी: हेतू आहे, पण राहते दूर, आणि या आठवड्यात आलेली नाही. दुकानदार: कनेक्टर खपावेत हा हेतू, पण फाटक ओलांडून येण्याइतका तो हलका नाही, त्याचे पोटच येऊ देणार नाही. शेजारी: त्यांच्या गाडीचे दिवे माझ्यापेक्षा मंद आहेत आणि १२ तारखेस त्यांनी कुंपणावरून बराच वेळ पाहिले होते. मत्सर ही भक्कम प्रेरणा आहे.

परिपूर्णतेसाठी पत्नीचाही विचार केला. संधी आहे, कौशल्य आहे, हेतू नाही. बहीण तिची आहे. मी आणली नाही तर हानी तिचीच. वगळली.

उद्या प्रत्यक्ष प्रमाण. अनुमान पुरे झाले.

२३ ऑक्टोबर, संध्याकाळ

क्रमाने लिहितो.

दिवस मावळण्याच्या बेतात गॅरेजात गेलो. ट्यूब बंद ठेवली. मागच्या सीटवर अंग चोरून बसलो, काच खाली केली. पाठीत उसण भरली तरी हललो नाही. शेजाऱ्यांकडे बातम्या लागल्या होत्या. त्यांच्या घरातून त्यांचाच खोकला ऐकू आला, तेव्हा तेही बाद झाले. आता माझ्या यादीत कोणीच उरले नव्हते, आणि तेवढ्यात गॅरेजच्या दाराशी पावले वाजली.

खट् असा आवाज झाला. अंधार किंचित फिकट झाला. समोरच्या काचेपलीकडे पांढरे धुके, आणि धुक्यात एक आकृती. मध्यम उंची. चेहरा नाही. ती गाडीसमोर आली, एक हात बॉनेटवर टेकून खाली वाकली. बंपरमागून खिट्टी सरकल्याचा बारीक आवाज आला. मग जिभेचा.

कोण आहे, अशी मी आरोळी ठोकली. आकृती दचकून उभी राहिली, पण पळाली नाही. मी म्हटले, पळू नकोस, आधी दिवा लाव, मला तुझे तोंड पाहू दे!

आकृती म्हणाली, अहो, दिवा लावलेलाच आहे.

मी वर पाहिले. ट्यूब चालू होती. दुप्पट उजेडाची.

मग ती म्हणाली, मी आहे. उतरा खाली. पाठ धरली असेल.

मी उतरलो. अगदी जवळ गेलो तेव्हा आकृतीची पत्नी झाली. एका हातात कनेक्टरचा अर्धा भाग, दुसऱ्या हातात कात्री. पुन्हा पट्टी लावली असेल म्हणून आणलेली.

मी विचारले, का? ती म्हणाली, अहो, इतक्या वर्षांत वाद घालून मी तुमच्याशी एकदा तरी जिंकले का? हे काढणं सोपं वाटलं. तुम्हीच शिकवलंत.

मी म्हटले, पण बहीण तुझी, तिला आणायचे आहे. ती म्हणाली, म्हणूनच. तिचा गुडघा शिवलाय, आता पुन्हा काही शिवून घ्यायचं नाहीये.

नंतर तिने पुलाजवळचे सांगितले. ते येथे लिहीत नाही.

२४ ऑक्टोबर

मुलगी ठरल्याप्रमाणे संध्याकाळी आली. चपलाही न काढता म्हणाली, चला बाबा, होऊन जाऊ दे. बरोबर पाण्याची बाटली आणली होती. चेहरा परीक्षकाचा, मला माझाच वाटला.

मी किल्ली तिच्या हातावर ठेवली.

ती म्हणाली, पण बाबा, चाचणी? मी म्हटले, प्रतिपक्षाचा पुरावा कालच दाखल झाला. तिने आईकडे पाहिले. आई भाजी निवडत होती.

मग मुलगी माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली की बाबा, रागावलात? मी म्हटले, नाही, विचार करतो आहे. ती म्हणाली, म्हणजे रागावलात. हे अनुमान मात्र निर्दोष.

२५ ऑक्टोबर

डोळ्यांचे डॉक्टर. हनुवटी टेकवा, वर बघा, खाली बघा. भिंतीवरच्या तक्त्यावर सर्वांत वरचे अक्षर वाचा म्हणाले. मी विचारले, तक्ता कोणत्या भिंतीवर आहे? पत्नी खोकली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चांगले पिकलेले. डॉक्टर तरुण आहेत, पण खरमरीत. म्हणाले की आजोबा, इतके दिवस कशाची वाट पाहत होता? मी म्हटले, सिद्धतेची. ते पत्नीला म्हणाले, आजींनी तरी ऐकायचं होतं का यांचं? ती म्हणाली, मी माझ्या परीनं काढत होते हो. डॉक्टरांना काही कळले नाही.

पुढच्या महिन्यात आधी उजवा, मग डावा. त्यानंतर निळी वायर पाहावयाची आहे.

२६ ऑक्टोबर, घरी परतल्यावर

निघण्यापूर्वी मुलीने विचारले, ते तुमचे दिवे जोडायचे का? मी बंपरमागे हात घातला. दिसण्याचा प्रश्न नव्हता. हाताला ठाऊक होते. खट्. मग खिट्टी. पत्नीने वाकून तपासले आणि म्हणाली, बसला.

मुलीने गाडी चालवली. मी तिच्या शेजारी. येताना मेहुणी मागे पाय लांब करून, पत्नी तिच्या पायाशी उशी धरून. मेहुणी सारखी म्हणत होती की काय गं, हे आज गप्प कसे? पत्नी म्हणाली, उजेड बघताहेत.

टेकडीवर पोहोचेपर्यंत अंधार पडला. मला पुढे पूर्वीसारखेच दूध दिसत होते. मुलगी म्हणाली, बाबा, काय उजेड पडलाय हो, कडेचा खडा न् खडा दिसतोय. मी म्हटले, असेल. ती म्हणाली, खरंच, मस्त जोडलेत. मी पुन्हा म्हटले, असेल. त्याबाबतीत आता मला तिच्या शब्दावर विसंबणे भाग आहे.

पुलाच्या अलीकडे तिने वेग अगदी कमी केला. पत्नी मागून हळूच म्हणाली, इथे.

तो गवंडी आहे. पुलापलीकडच्या बांधकामावर असतो. तालमीच्या त्या संध्याकाळी सायकलची चेन उतरली म्हणून वाकून ती बसवत होता. चाहूल लागताच सायकल टाकून चरात उडी मारली, कोपर सोलवटले. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नी मलम घेऊन त्याच्याकडे गेली ती यासाठी. तो तिला म्हणाला होता की आजी, दिवे झकास आहेत आजोबांचे, मी त्यांना नीट पाहिलं, त्यांनीच मला पाहिलं नाही.

मुलीने पुलावर हॉर्न वाजवला. रस्त्यावर कोणी नव्हते. तरी वाजवला.

मेहुणी आता तिच्या खोलीत झोपली आहे. किल्ली मुलीच्या पर्समध्ये आहे. या वहीत एकच गोष्ट सिद्ध करावयाची होती. तिचे पुढे काय झाले ते वरील नोंदींवरून कोणालाही काढता येईल, म्हणून पुन्हा लिहीत नाही. मात्र लिखाणात राहिलेली चूक लिहिणाऱ्याने स्वतः दुरुस्त करावी, हा नियम मी इतरांना लावत आलो.

चूक एक. १४ ऑक्टोबरच्या नोंदीत, उताराच्या वर्णनात, ‘खांब’ असा शब्द पडला आहे. तेथे ‘माणूस’ असे वाचावे.

(सही)